एकदा पुकारलेली जोड

आवाजाला ऊब पाहिजे असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. अडचण एवढीच, की ती ऊब लावून द्यायचं काम मीच करतो.

दिवसा मी सांगलीशेजारी कुपवाडला एका कारखान्यात मेंटेनन्सला असतो. घर माधवनगर रोडला. मागच्या खोलीत एक जुनं स्पूलचं टेप मशीन आहे: वर ताटलीएवढी दोन चाकं, त्यांच्यामधून धावणारी अरुंद तपकिरी फीत, खाली दोन सुया आणि दाबली की खाटकन वाजणारी लोखंडी बटणं. भजनांच्या कॅसेटी काढणारं एक दुकान इथं होतं, ते बंद पडलं तेव्हा हे धूड मी उचलून आणलं. हल्ली जो तो घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करतो. एक माईक, एक कॉम्प्युटर, भिंतीला गोधडी, झाला स्टुडिओ. ऐकायला बसल्यावर कळतं की आवाज कानाला टोचतोय, मग मला फाईल येते. मी ती मशीनमध्ये सोडतो, फितीवर उतरवतो आणि फितीवरून परत कॉम्प्युटरवर घेतो. सोडताना जोर असा द्यायचा की सुई अधूनमधून लाल पट्टीत गेली पाहिजे. फितीला तेवढा जोर झेपत नाही. ती आवाजाची टोकं घासून गोल करते, खालचा भाग जरा भरीव करते. ह्याला म्हणायचं ऊब. पुण्याची पोरं फोनवर ‘सर, थोडी अजून ऊब’ म्हणतात तेव्हा वाटतं सांगावं, बाबा रे, ही ऊब नाही, ही फितीची लाचारी आहे. पण सांगत नाही, काम करून देतो.

हाच उद्योग मी माझ्या बापाच्या आवाजावर करायला गेलो आणि तोंडावर आपटलो.

आबा कुस्तीचे निवेदक होते. फौजेतून परत आल्यावर शेती नावाला, बाकी सगळा जन्म मैदानात गेला. आमचं गाव सातारा जिल्ह्यात, लोणंदजवळ. पण यात्रांचा हंगाम सुरू झाला की आबा खाली पार मिरजेपर्यंतची मैदानं करायचे. डोक्याला फेटा, हातात माईक, आणि झाडाला टांगलेल्या कर्ण्यातून येणारा तो आवाज. गोड अजिबात नव्हता. पत्रा कापताना येतो तसा होता आणि पार शिवेपर्यंत ऐकू जायचा. लोक म्हणायचे, ह्यांनी नाव पुकारलं की पैलवानाच्या अंगावर काटा येतो. माझ्याही यायचा, पण भीतीनं.

जोड पुकारायची एक रीत असते. दोन पैलवान मातीत उतरले की निवेदकानं त्यांची ओळख करून द्यायची: गाव कोणतं, तालीम कोणती, वस्ताद कोण, बाप कोण, आज्यानं कुठलं मैदान मारलं होतं. बापाचं नाव चुकवायचं नाही. पोरगा मातीत एकटा उतरत नाही, त्याच्यासंगं त्याचा बाप उतरतो, असं आबा म्हणायचे. दुसरी रीत: एकदा पुकारलेली जोड परत पुकारायची नाही. जो आला नाही त्याची कुस्ती गेली, मग तो आमदाराचा भाचा का असेना. आणि तिसरी रीत आबांची स्वतःची: माईक मेला की तोंड मिटायचं. जनरेटर बंद पडला की बाकीचे निवेदक घसा फोडून ओरडत. आबा माईक खाली धरून, ओठ मिटून गप्प उभे राहायचे. ‘मेल्या माईकात बोलल्यालं वाया जातंय,’ म्हणायचे.

मी त्यांचा एकुलता मुलगा, म्हणजे तालीम माझ्या कपाळी लिहिलेलीच होती. पण माझा जीव कुस्तीत नव्हता. तो अडकला होता त्या आवाजामागच्या अँप्लिफायरमध्ये. कर्णा कुठल्या फांदीला टांगला की शिट्टी वाजत नाही, कुठली वायर तापते, कुठला व्हॉल्व्ह मरायला टेकलाय, ह्यात मला जी गोडी होती ती जोरबैठकांत कधी आली नाही. आबांना हे कळलं तेव्हा ते जेवत होते. म्हणाले, ‘येक काय त्ये ठरीव. पैलवान हो न्हायतर वायरी जोड. माझ्या घरात आर्धा पैलवान नगं.’

मी एकोणीस वर्षांचा होतो. म्हणालो, वायरी जोडतो. गावच्या यात्रेतली एक कुस्ती आधीच ठरली होती, तेवढी करतो आणि तालीम सोडतो. मला वाटलं ताट भिरकावतील. तसं काही झालं नाही. आबांनी अजून एक भाकरी मागून घेतली.

यात्रेच्या मैदानात माईक अर्थातच त्यांच्या हातात होता. समोरचा पोरगा वाळव्याकडचा. आबांनी त्याचं गाव सांगितलं, तालीम सांगितली, वस्ताद, बाप, आजा, आज्यानं मारलेली दोन मैदानं. हलगी थांबली. मी अंगाला माती लावून उभा. कर्ण्यातून आवाज आला: ‘आन दुसरा पैलवान आपल्याच गावचा.’

बस्स. तालीम नाही, वस्ताद नाही, बापाचं नाव नाही. दहा गावची माणसं कडेनं बसली होती आणि त्यातल्या निम्म्यांना तरी माझा बाप कोण ते माहीत होतं: जो बोलत होता तोच. कुणीतरी फिस्सकन हसलं. पुढं तीन मिनिटांत मी चितपट झालो. कुठल्या डावावर पडलो ते आजही सांगता येणार नाही. पाठीला लागलेली गार माती आठवते, आणि वरून तो आवाज, रोज असायचा तसाच, चढा नाही की उतरता नाही: ‘कुस्ती निकाली. पुढची जोड.’

त्याच संध्याकाळी पिशवी भरून मी सांगलीला आलो. ह्याला तीस वर्षं झाली. एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलास, असं मला पुष्कळांनी सांगितलं. ज्याच्या बापानं दहा गावांदेखत त्याला बेवारस केलं असेल त्यानंच मला हे सांगावं, बाकीच्यांनी आपापल्या घरी जावं. नंतर आमचं बोलणं अगदीच तुटलं होतं असं नाही. सणाला जायचो. कांदा काढला का, पाऊस हाय का, गुडघा कसा हाय. ह्यापलीकडे मी गेलो नाही आणि तेही आले नाहीत.

गेल्या वर्षी आबांचा आवाज खरखरायला लागला. अक्का, माझी थोरली बहीण, गावातच दिलेली आहे आणि आबांचं सगळं तीच बघते. ती त्यांना मिरजेच्या डॉक्टरांकडे घेऊन आली. घशात गाठ होती. स्वरयंत्र काढावं लागेल, डॉक्टर म्हणाले. जीव वाचेल, आवाज जाईल. गळ्याला भोक ठेवतात, पुढं जन्मभर श्वास तिथूनच घ्यायचा.

अक्काचा फोन आला. ‘आप्रेशनच्या आदी दोन दिस त्यास्नी तुज्याकडं आणती. तुज्या त्या मशीनवर आवाज घिऊन ठेव. परत मिळायचा न्हाई.’

‘बघू,’ मी म्हणालो.

‘बघू काय बघू. बाप हाय तुजा.’

‘मैदानात नव्हता,’ मी म्हणालो. त्या दिवशी घरी चुलीपुढं बसून तिनंही कर्ण्यातलं ते वाक्य ऐकलं होतं.

आता खरं सांगतो. आवाज जपून ठेवायचा वगैरे माझ्या मनात काही नव्हतं. मला एकच वाक्य पाहिजे होतं. त्याच आवाजात, रीतसर, माझं गाव, माझी तालीम, माझा वस्ताद आणि माझा बाप. एकदाच. तीस वर्षं मी त्या वाक्यासाठी जळत होतो आणि आता ते बोलणारा घसाच कापून काढणार होते. पण तोंडानं मागायचं? जीव गेला तरी नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे आबांना लागू आहे आणि मी त्यांच्याच पोटचा आहे.

दोन दिवस खपून मशीन तयार केलं. स्पिरिटमध्ये कापूस बुडवून फीत जिथं घासते ते भाग पुसले, पट्टा बदलला, चांगली फीत निवडली. बायको म्हणाली, बापासाठी बराच खपतोयस. मी म्हणालो, मशीनसाठी खपतोय. ती हसली ते मला आवडलं नाही.

आबा माझ्या घरी पहिल्यांदाच आले. घर कसं आहे, केवढ्याचं आहे, काही विचारलं नाही. दुपारचं जेवण झाल्यावर मागच्या खोलीत आले आणि बाजारात जनावर बघावं तशी मशीनभोवती एक फेरी मारली.

‘ह्ये कवाचं?’

‘जुनं हाय. ह्यानं आवाजाला ऊब येती.’

‘काय येती?’

‘ऊब.’

‘ऊब घोंगड्यात आसती,’ आबा म्हणाले. ‘आवाजाला धार आसती. तुज्या धंद्यात ती घालवत्यात व्हय?’

नाकाला मिरच्या झोंबल्या. माझा सगळा धंदा त्यांनी एका वाक्यात बरोबर सांगितला होता.

मी माईक स्टँडवर लावला होता आणि पुढं खुर्ची ठेवली होती. खुर्ची त्यांनी पायानं बाजूला सारली. माईक उपसून हातात घेतला आणि ओठाला टेकवला.

‘एवढा जवळ नगा धरू,’ मी म्हणालो. ‘श्वास येतोय त्यात.’

‘मग काय श्वास न घेता बोलू?’

मग त्यांना कर्णा पाहिजे होता. ‘कर्णा न्हाई तर बोलू कुणाशी? ह्या गोधडीशी?’ खोलीत कर्णा लावला तर शिट्टी वाजेल, मी म्हणालो. ‘शिट्टी वाजती म्हंजी माईक जित्ता हाय,’ आबा म्हणाले आणि माझ्याकडे असं बघितलं की तीस वर्षं वायरी जोडून तू हेच शिकलास का. अक्का दारात बसली होती. ती म्हणाली, ‘आवं आबा, मी हाय की ऐकायला.’ तिनं मोबाईल काढला होता. ह्यात बी घेऊ का, असं तिनं विचारलं तर मी तिच्यावर खेकसलो. इथं मी एवढं मशीन मांडून बसलोय आणि ही मोबाईल काढती. कॉम्प्युटरसुद्धा मी जोडला नव्हता. बापाचा आवाज थेट फितीवर, मधे काही नाही, असा माझा थाट होता. अक्कानं मोबाईल पिशवीत टाकला.

मी बटण दाबलं. खाट. चाकं फिरायला लागली. त्या आवाजासरशी आबांनी डोळे मिटले आणि पाठ ताठ केली.

‘मातीच्या कडंला बसल्याली मंडळी, मागं सरा. मागं सरा म्हंतोय. ऐकू येत न्हाई का, का कानाखाली हलगी वाजवू?’

अक्का पदराआड हसली. मी सुईकडे बघत होतो. आवाजात खरखर होती, पण खरखरीच्या खाली तो पत्रा जसाच्या तसा होता, आणि सुई लाल पट्टीत जाऊन थडकत होती. आबांनी पंचांना बोलावलं, हलगीवाल्याला दम दिला, आणि जोड्या पुकारायला सुरुवात केली. चाळीस-चाळीस वर्षांमागच्या जोड्या. मेलेली माणसं उठवून मातीत उतरवली. प्रत्येकाचं गाव, प्रत्येकाचा वस्ताद, प्रत्येकाचा बाप, प्रत्येकाचा आजा. एक नाव अडलं नाही. मला कौतुक वाटायला पाहिजे होतं, वाटला राग. जगातल्या समद्या पोरांचे बाप ह्या माणसाला पाठ होते.

वीसेक मिनिटांनी ते थांबले, तांब्यातलं पाणी प्यायले, माईक परत ओठाला लावला. आणि वाळव्याकडच्या एका पैलवानाला पुकारलं. त्याचं गाव. त्याची तालीम. वस्ताद, बाप, आजा, आज्याची दोन मैदानं. शब्दाला शब्द तेच. ही माझी जोड होती.

अक्कानं पदर तोंडाला लावला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीस वर्षांनी, माझ्या घरात, माझ्याच मशीनवर हा म्हातारा ते वाक्य परत बोलणार होता. दोन दिवसांत मुका होणारा माणूस, त्याला शेवटचं बोलायला हेच सुचलं. ‘आन दुसरा पैलवान,’ आबा म्हणाले, आणि मी बटण दाबलं.

खाट. चाकं थांबली.

आबांचं तोंड उघडं होतं ते त्यांनी मिटलं. माईक खाली घेतला. जनरेटर बंद पडल्यावर राहायचे तसे उभे राहिले. मग डोळे उघडून माझ्याकडे बघितलं.

‘झालं का तुमचं?’ मी म्हणालो. ‘त्येच परत ऐकायला मला येळ न्हाई.’

आबांनी माईक स्टँडवर नीट अडकवला, वायरीला पीळ पडला होता तो सोडवला आणि खोलीबाहेर गेले.

‘आरं मुडद्या, बोलू तर द्यायचंस,’ अक्का म्हणाली.

‘काय बोलणार हुते ते मला ठाव हाय.’

‘तुला लय ठाव,’ ती म्हणाली आणि त्यांच्यामागं गेली.

संध्याकाळी तिनं त्यांना विचारलेलं मी स्वयंपाकघरातून ऐकलं. आबा, राहिल्यालं परत बोलता का, मी मोबाईलवर घेती. आबा म्हणाले, ‘येकदा पुकारल्याली जोड परत पुकारत न्हाईत.’ मला वाटलं, बघा, अजून गुर्मी. दुसऱ्या दिवशी जेवताना ते म्हणाले, ‘आमटीत मीठ न्हाई.’ त्यानंतर दवाखान्यात गेले. त्यांच्या स्वतःच्या आवाजातलं मी ऐकलेलं शेवटचं वाक्य हे.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. आठवडाभरानं अक्का म्हणाली, गावातली माणसं आबांचा आवाज मागत्यात, काय घेतलंयस ते मोबाईलवर पाठव. तोवर मी मशीनला हात लावला नव्हता. रविवारी सकाळी बसलो आणि फीत कॉम्प्युटरवर उतरवायला लावली.

फितीनं आपलं काम चोख केलं होतं. धार गेली होती. पत्र्याच्या कडा कुणीतरी कानशीनं घासून काढल्या होत्या, खाली छातीतला एक भरीव आवाज आला होता, जो समोरासमोर मला कधी ऐकू आला नव्हता. कानाखाली हलगी वाजवू म्हणणारा म्हातारा नातवाला दटावतोय असं वाटत होतं. कुणीही ऐकलं असतं तर म्हणालं असतं, काय मायाळू माणूस आहे. मला आधी हसू आलं आणि मग अंगावर शिसारी आली. असा बाप मला नव्हता. मी तो खोटा तयार केला होता, त्यांच्याच आवाजातून.

उतरवत उतरवत शेवटाला आलो. वाळव्याचा पैलवान, त्याचा बाप, त्याचा आजा. ‘आन दुसरा पैलवान,’ आणि खाट. मी बंद करणार तेवढ्यात लक्षात आलं की पैलवान आणि खाट ह्यांच्यामधे काहीतरी आहे. फीत मागं घेतली, आवाज वाढवला. श्वास होता.

हे मला समजावून सांगितलं पाहिजे. मी लहानपणापासून अँप्लिफायरला कान लावून वाढलो, मला आबांचे श्वास ओळखता येतात. आखूड पुकारा असला की ते श्वास घेत नसत, आधीच्याच श्वासावर वाक्य रेटून न्यायचे. पण गावापासून आज्यापर्यंत सगळी ओळख एका दमात सांगायची असली की तोंड उघडून, पार बेंबीपासून ओढून श्वास घ्यायचे. मधे दम तुटला तर पैलवानाचा अपमान होतो, म्हणायचे. माझ्या कुस्तीच्या दिवशी कर्ण्यातून श्वास आला नव्हता. आन दुसरा पैलवान आपल्याच गावचा, सगळं एका झपाट्यात आलं होतं. फितीवर मात्र पैलवान शब्दापाशी ते थांबलेत आणि तोंडानं श्वास ओढतायत. मोठा. मी बटण दाबलं तेव्हा तो अजून आतच चालला होता.

आपल्याच गावचा, एवढ्याला तो श्वास लागत नाही.

मी म्हटलं, गाठ होती, धाप लागली असेल. मग आधीच्या वीस मिनिटांतले सगळे श्वास काढून ऐकले. ‘मागं सरा’ला श्वास नाही. ‘पुढची जोड’ला नाही. जिथं जिथं कुणाचा बाप आणि आजा आहे तिथं तिथं, त्याच्या आधी, तोच बेंबीपासूनचा श्वास आहे. माईक जवळ नगा धरू, श्वास येतोय त्यात, हे मीच त्यांना बजावलं होतं. त्यांनी ऐकलं नाही म्हणून एवढं तरी उरलं. मी मशीनपुढं बसून रडलो. कुणासाठी ते मला माहीत नाही, बहुतेक स्वतःसाठीच.

दुपारी मिरजेला गेलो. आबा पलंगावर बसले होते, गळ्याच्या भोकावर जाळीचं फडकं. मांडीवर अक्काच्या नातवाची पाटी होती. तिच्यावरून त्यांनी दवाखाना धाकात ठेवला होता. पंखा. चहा गार. खिडकी. नर्सबाई पाटी बघितली की पळत होत्या.

मी स्टुलावर बसलो. अक्का उठायला लागली, मी तिला बस म्हणालो. तीस वर्षांत जे मागितलं नव्हतं ते मागायचं होतं आणि साक्षीला कुणीतरी पाहिजे होतं.

‘आबा, त्या दिशी मी टेप बंद केली. त्याच्या फुडं काय म्हणणार हुता तुमी?’

त्यांनी मांडीवरची पाटी सरळ केली.

‘माझी तालीम सांगणार हुता का? बाप सांगणार हुता का?’ माझा आवाज फाटला. ‘चुकलं माझं. आता लिवून दावा. मला तेवढं पायजे.’

अक्कानं पेन्सिल त्यांच्या हातात दिली. आबांनी श्वास घेतला. गळ्यावरचं फडकं आत ओढलं गेलं आणि बाहेर आलं. लांब श्वास होता का आखूड, ते त्या भोकातनं आता कळत नाही. त्यांनी पाटी छातीशी धरून, मला दिसू न देता, सावकाश लिहिलं, एक अक्षर पुसून परत नीट काढलं. मग पाटी माझ्याकडं फिरवली.

पुढची जोड.

मी वाचलंय ह्याची खात्री होईपर्यंत त्यांनी ती तशीच धरली, आणि मग तळहातानं पुसून अक्कासाठी लिहिलं, चहा.